फासा झाकला, तिथं गोष्ट थांबली

सल्ला मागणारं एक पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत राहणारे एक वडील. शिरोलीच्या एका कारखान्यात नोकरी. घरात पत्नी, आई, ११ वर्षांची मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. पुण्यात शिकताना मित्रांमुळे त्यांना ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची गोडी लागली. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: यात एक जण गोष्टीतलं जग उभं करतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि आपण काय करतोय ते तोंडानं सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकून निकाल लावायचा.

गेल्या दिवाळीपासून हे वडील दर शनिवारी रात्री, जेवणं उरकल्यावर, मुलांना घेऊन बसतात. सुरुवातीचे महिने मजेत गेले. मग कुरबुरी सुरू झाल्या. मुलगा दिसेल त्याच्यावर तलवार उपसतो. मुलगी म्हणते, आधी बोलून बघू. मग खेळ बाजूला राहतो आणि दोघांचीच जुंपते. वडिलांनी आठवडाभर जागून रचलेली गोष्ट मुलं भलतीकडंच नेतात. आजींचं म्हणणं, अभ्यासाच्या वयात हे राक्षसांचं काय घेऊन बसलाय.

महिन्यापूर्वी एक प्रसंग घडला. मुलाच्या पात्राबरोबर वाघ्या नावाचा कुत्रा असतो. गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसांच्या टोळीशी लढताना एक बाण वाघ्यावर सुटला. रात्रीचे साडेदहा वाजले होते. वडिलांनी पुठ्ठ्याच्या आडोशामागं फासा टाकला. १८ पडले, म्हणजे नेम लागला, वाघ्या संपला. पोराचा चेहरा बघून त्यांनी ‘८ पडले, नेम चुकला’ असं सांगितलं. मुलगी शेजारीच बसली होती, तिनं फासा बघितला होता. ‘पप्पा, तुम्ही खोटं सांगितलं,’ म्हणून ती उठली, ती अजून खेळायला बसलेली नाही. वडील विचारतात: मुलांना नेहमी जिंकू द्यावं, की खरोखर हरू द्यावं? का हा माझाच छंद मी त्यांच्यावर लादतोय, आणि सरळ बंद करावा? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. मुलगा आता रोज झोपताना विचारतो, ‘पप्पा, वाघ्या खरंच जिवंत हाय न्हवं?’

*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा या शेवटच्या ओळीपाशी थांबले. तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. मला मात्र तुमच्या सगळ्या प्रश्नांचं मूळ तिथंच दिसतं.

मुलाला रडू येऊ नये म्हणून तुम्ही वाघ्याला वाचवलंत. वाघ्या मेला असता तर तो एक रात्र रडला असता, फार तर चार रात्री. तुम्ही जवळ घेतलं असतं, आजींनी पाठीवरून हात फिरवला असता, पुढच्या शनिवारी तुम्ही सगळ्यांनी मिळून वाघ्याला एखाद्या झाडाखाली पुरला असता आणि तिथं दगड ठेवला असता. आता वाघ्या धड मेलेलाही नाही आणि धड जगलेलाही नाही. फासा खोटा होता हे पोराला बहिणीकडून कळलं, आणि त्याबरोबर त्याच्या कुत्र्याचं जगणंही त्याला खरं वाटेनासं झालं. म्हणून तो रोज विचारतो. आणि तुम्ही ‘हो रे, जिवंत आहे’ म्हणालात तरी त्याचं समाधान होत नाही, कारण मागच्या वेळीही तुम्हीच सांगितलं होतं.

या खेळात मुलांना नेमकं काय मिळतं? ड्रॅगन तर टीव्हीवरही मिळतात. इथं मिळते ती एकच वेगळी गोष्ट: मी जे करीन त्यानं पुढचं खरोखर बदलतं. सात वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात दुसरीकडं कुठं असं होतं सांगा. शाळेची वेळ, डबा, कपडे, झोप, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. शनिवारच्या त्या एका तासात त्याच्या शब्दावर दार उघडतं किंवा बंद होतं. हा विश्वास आहे तोवर खेळ आहे. तुम्ही फासा झाकलात तेव्हा त्या विश्वासालाच धक्का बसला, आणि तुमच्या मुलीनं तो आधी ओळखला. ती हट्टानं रुसलेली नाही.

तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे, की जिंकू देणं आणि हरू देणं असे दोनच मार्ग आहेत. तुम्ही कोल्हापूरचे आहात, तर तालमीकडं बघा. नवं पोर लाल मातीत उतरलं की वस्ताद त्याला मुद्दाम जिंकवत नाहीत. पण पहिल्याच दिवशी दुप्पट वजनाच्या गड्याशी त्याची जोडही लावत नाहीत. कुणाशी कोण लढेल, किती वेळ, याचा सगळा विचार कुस्ती लागायच्या आधी होतो. एकदा हात मिळाले की वस्ताद खाली वाकून कुणाची पाठ उचलून धरत नाहीत. खासबागेत बसलेल्या प्रेक्षकांनी ते चालवूनही घेतलं नसतं. डीएमचं कामही असंच आहे. माया करायची ती जोड लावताना करा. फासा हातातून सुटल्यावर नको.

आता तुम्ही लावलेली जोड बघू. पत्रात तुम्ही लिहिलंय की कुठल्याही कामाला तुम्ही १५ चा आकडा ठेवता, म्हणजे तेवढे किंवा जास्त झाले तरच ते जमलं, कारण पुस्तकात मध्यम अडचणीला तोच दिलाय. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा पडण्याची शक्यता ५ टक्के असते. १५ किंवा जास्त, म्हणजे सहा आकडे, म्हणजे ३० टक्के. फाशावर जे पडेल त्यात पात्राच्या कार्डावरचा आकडा मिळवायचा असतो, आणि तुमच्या मुलाच्या कार्डावर बोलण्यासाठी अधिक शून्य आहे. म्हणजे गॉब्लिनशी गोड बोलायला गेला की दहातल्या सात वेळा तो तोंडघशी पडणार. तलवारीला मात्र अधिक पाच आहेत. २०१४ च्या नियमांत गॉब्लिनला घाव लागायला १५ लागतात, तेव्हा त्याला फाशावर १० पुरतात, म्हणजे ५५ टक्के. बोलून ३०, मारून ५५. तुमचं पोर मारकुटं नाही हो. इतक्या शनिवारांत त्याला जे जमताना दिसलं ते तो करतोय.

म्हणून पहिला बदल आकड्यांचा करा. घरच्या खेळात नेहमीचा आकडा १० ठेवा. प्रत्येक मुलाला तीन गोष्टी निवडू द्या ज्यात ते पटाईत आहे, आणि त्यांना अधिक दोन द्या. मग ८ पडले तरी जमतं, म्हणजे ६५ टक्के. आणि मूळ नियमांतलीच एक सोय मनापासून वापरा: कुणी मदत केली तर दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. ६५ चे तिथं जवळजवळ ८८ टक्के होतात. मुलीला हे गणित कागदावर करायला सांगा. दोन्ही फासे चुकण्याची शक्यता २० पैकी ७ गुणिले २० पैकी ७. तिला एकदा हे उमगलं की भावाला ‘गप बस’ म्हणण्यापेक्षा त्याच्या शेजारी उभं राहणं फायद्याचं आहे हे तुम्हाला वेगळं समजावावं लागणार नाही. मदत करताना ‘मी मदत करते’ एवढं म्हणून चालणार नाही, कशी करतेस ते सांग, अशी अट मात्र ठेवा. दादागिरी करणारं थोरलं भावंड आणि मध्ये मध्ये करणारं धाकटं, ही जोडी घरोघरी आहे. त्या सगळ्यांना हा एक नियम पुरतो.

दुसरा बदल किमतीचा. फासा टाकायच्या आधी सांगून टाका की वाईट पडलं तर काय होईल. ‘बाण लागला तर वाघ्या मरणार नाही, पण पाय दुखावेल. मग त्याला पाठीवर घेऊन चालावं लागेल आणि तुझे दोन्ही हात अडकतील. चालेल?’ पोरगा हो म्हणेल, किंवा म्हणेल, नको, मी आधी वाघ्याला दगडामागं ढकलतो. दोन्ही छान. मग फासा उघड्यावर टाका, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आमच्याकडं आम्ही तो स्टीलच्या ताटात टाकतो. त्याचा खणखणाट थांबेपर्यंत कुणी श्वास घेत नाही, आणि फासा सोफ्याखालीही जात नाही. जे पडेल ते पडेल. मूळ खेळातही खेळाडूच्या पात्राचे जीव-गुण मार खाऊन शून्यावर आले तरी ते सहसा लगेच मरत नाही. ते बेशुद्ध पडतं, दर फेरीला फासा टाकतं, १० किंवा जास्त पडले तर एक खूण जगण्याच्या बाजूला, कमी पडले तर मरणाच्या बाजूला, आणि ज्या बाजूच्या तीन खुणा आधी होतील तो निकाल. तेवढ्या वेळात सोबती धावून येऊ शकतात. मोठ्यांसाठी लिहिलेल्या नियमांत एवढी सवड ठेवलीय, तर सात वर्षांच्या मुलासाठी तुम्ही आणखी ठेवायला काहीच हरकत नाही. फक्त ती आधी ठरलेली असावी.

आणि वाघ्या मरू शकतो की नाही, हे तुम्ही एकट्यानं का ठरवताय? मुलाला विचारा. ‘या गोष्टीत वाघ्याला काही होऊ शकतं का?’ तो ‘नाही’ म्हणाला तर वाघ्या हरवेल, भुकेजेल, रुसेल, पण मरणार नाही, हा तुमच्या टेबलाचा नियम. मुलीला विचारलंत तर कदाचित ती म्हणेल, माझं पात्र मरू शकतं, नाहीतर काय मजा. एकाच टेबलावर दोघांसाठी वेगळी किंमत असू शकते, त्यात अन्याय नाही. शिवाय टेबलाच्या मधोमध एक कोरं कार्ड ठेवा. कुणालाही भीती वाटली, नकोसं झालं, तर कार्डाला बोट लावायचं. तेवढा भाग सोडून पुढं जायचं, का म्हणून विचारायचं नाही. मोठ्या माणसांच्या गटांतही ही पद्धत वापरतात. मुलांना शब्दांत सांगता येत नाही ते बोटानं सांगता येतं.

वेळेबद्दलही बोलायला हवं. रात्री साडेदहाला सात वर्षांच्या मुलाचा कुत्रा मेला तर तो रडणारच. त्या वेळी पेन्सिलचं टोक मोडलं तरी तो रडेल. खेळ रविवारी सकाळी घ्या, घरात रश्श्याची गडबड सुरू व्हायच्या आधी. पाऊण तास पुरे. खेळाच्या खोक्यावर वय १२ आणि पुढं असं छापलेलं असतं, ते बऱ्याच अंशी बसून राहण्याच्या ताकदीबद्दल आणि वाचनाबद्दल आहे. तुमच्या मुलासाठी पात्राची माहिती भरायचं लांबलचक शीट नको. पोस्टकार्डाएवढा एक कागद, त्यावर नाव, तीन जमणाऱ्या गोष्टी, एक भीती आणि पाच बदाम काढलेले. मार लागला की एक बदाम पेन्सिलनं खोडायचा. बस.

आता तुमच्या रचलेल्या गोष्टीकडं येते. इथं मी माझाच अनुभव सांगते, कारण तुमचं दुःख मला ठाऊक आहे. एका मे महिन्याच्या सुट्टीत भाचरं आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी होती. मी तीन दिवस खपून एक दरोडेखोरांची गुहा रचली होती. नकाशा, सापळे, शेवटी सोन्याची पेटी. मुलांना नदी ओलांडून तिकडं जायचं होतं, म्हणून मी एक नावाडी ठेवला, निव्वळ पलीकडं सोडण्यापुरता. आठ वर्षांच्या भाच्यानं विचारलं, ‘आत्या, ह्या नावाड्याच्या हातावर कसला डाग आहे?’ मी डाग म्हणालेच नव्हते. मला नावाड्याला उरकून गुहेकडं जायचं होतं. मी म्हटलं, काही नाही रे, भाजलं असेल. ‘कशानं भाजलं?’ भाचीनं विचारलं, ‘तो गुऱ्हाळात होता काय?’ मी त्यांना दोनदा गुहेची आठवण करून दिली. तिसऱ्यांदा करून दिली तेव्हा भाच्यानं फासा ताटात ठेवला आणि म्हणाला, ‘मग तूच सांग काय झालं ते.’

तो रागानं बोलला नव्हता. त्यानं काम सोडून दिलं होतं, एवढंच. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की मी डीएम नव्हतेच, मी त्यांना गोष्ट सांगत होते आणि त्यांनी मध्ये बोलू नये असं मला वाटत होतं. मी गुहेचा कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, हो, गुऱ्हाळात होता. काहिलीत हात गेला त्याचा. पण तो पडला नव्हता, कुणीतरी ढकलला. पुढचे चार दिवस मुलांनी त्याला ढकलणारा शोधला. गुहेत कुणी गेलंच नाही.

विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ आठवा. प्रत्येक गोष्ट तो अशा जागी आणून सोडतो की तिथून पुढं जायला विक्रमालाच तोंड उघडावं लागतं. तुमचं काम तेवढंच आहे: गोष्ट अशा जागी आणायची आणि विचारायचं, ‘मग तू काय करतोस?’ त्यानंतर गप्प बसायचं. मुलं विचार करत असताना आपण सुचवायला लागतो, ती सवय सुटायला सगळ्यात अवघड आहे. मनात दहा आकडे मोजा.

तयारी करायचीच, पण घटनांची साखळी रचू नका. एक जागा घ्या, तिथली तीन माणसं घ्या, आणि प्रत्येकाला काय हवंय ते एकेका ओळीत लिहा. शिवाय मुलांनी काहीच केलं नाही तर काय होत जाईल, ते लिहा. हे अर्ध्या पानात होतं आणि मुलं कुठंही गेली तरी वाया जात नाही.

जागेसाठी इंग्रजी पुस्तकातली गावं कशाला हवीत? पन्हाळा वीस-बावीस किलोमीटरवर आहे. मुलांना घेऊन अंधारबावीत उतरा. काळ्या दगडाची तीन मजली विहीर, खाली पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघणारी वाट, आणि पायऱ्या उतरताना अंगावर येणारा गारवा. असा डन्जन, म्हणजे खेळातलं अंधारं भुयार, विकत मिळत नाही. मग अंबरखान्यात न्या. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावं सांगा आणि त्या उंच छताखाली त्यांना हाक मारू द्या. घरी आल्यावर तुमची अर्ध्या पानाची तयारी अशी असू शकेल: एका गडावर पावसाळा तोंडावर आलाय आणि कोठारातलं धान्य रोज थोडं थोडं कमी होतंय. कोठीवाल्याला हे किल्लेदाराच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. विहिरीवरच्या म्हातारीला चोर माहीत आहे, पण तिला त्याची दया येते. आणि तटाबाहेरच्या वाटेनं येणारा गॉब्लिन आपल्या सात पोरांसाठी ज्वारी नेतोय. कुणी काही केलं नाही तर दहा दिवसांत कोठार रिकामं. तुमचा मुलगा तलवार काढेल तेव्हा त्या सात पोरांपैकी एक दाराआडून डोकावू द्या. तो काय करतो बघा. मी सांगत नाही तो काय करेल, कारण मला माहीत नाही, आणि तुम्हालाही माहीत नसावं.

एक काळजी मात्र घ्या. गड तुमचा काल्पनिक असू द्या, नाव वेगळं द्या. १६६० च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निघाले, शिवा काशीद आणि बाजीप्रभू कामी आले, ते फाशावर लावायचं नसतं. मुलगी विचारेल, ‘पण मग बाजीप्रभूंनी दुसरी वाट धरली असती तर?’ प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर गडावर उभं राहून, गप्पांत द्या. ज्यांनी खरंच प्राण दिले त्यांच्या प्राणाला आकडा लावला की पोरांच्या मनात ते आणि गॉब्लिन एका पंगतीला बसतात. हे माझं ठाम मत आहे.

इंग्रजीचा अडसर तुम्हीच काढून टाकू शकता. २०२३ मध्ये या खेळाच्या नियमांचा गाभा खुल्या परवान्यावर मोफत उपलब्ध झाला. मूळ श्रेय दिलं की त्याचं भाषांतर करायला, आपल्या सोयीनं बदलायला मुभा आहे. जाड पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. मुलीला सोबत घेऊन दोन पानांत तुमच्या घराचे मराठी नियम लिहून काढा. फाशांचा संच मात्र पूर्ण घ्या. त्यात ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे फासे येतात. दहाचा सोडला तर बाकी पाच म्हणजे भूमितीतले पाच सुसम घन, सगळ्या बाजू एकसारख्या, समान भुजा आणि समान कोनांच्या, आणि प्रत्येक कोपऱ्याला तेवढ्याच बाजू मिळतात असे बाहेर फुगीर आकार एवढेच होतात. मुलगी सहावी-सातवीच्या वयाची आहे, तिला हे हातात धरून बघू द्या.

आजींकडं वळते. त्या खेळाच्या विरोधात आहेत असं तुम्ही लिहिता. मला वाटतं त्या खेळाच्या बाहेर आहेत. शनिवारी रात्री मुलगा आणि नातवंडं एका टेबलाभोवती, भाषा अर्धी इंग्रजी, मध्येच आरडाओरडा, आणि त्या आतल्या खोलीत. राक्षसांची भीती ही फार जुनी तक्रार आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतही या खेळानं मुलं सैतानाच्या नादी लागतात म्हणून मोठा गहजब झाला होता, त्यातून सिद्ध काही झालं नाही. पण हे आजींना सांगून उपयोग नाही. त्यांना विहिरीवरची म्हातारी करा. नियम वाचायला नकोत, फासे नकोत. मुलं विहिरीपाशी आली की आजींनी कोडं घालायचं, सुटलं तर वाट दाखवायची. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ हे त्यांना येत असेलच, आणि त्याच्या जोडीला आणखी पन्नास. जीभ हे उत्तर पोरं किती वेळात काढतात ते त्यांना बघू द्या. आठवड्यातून दहा मिनिटं. अभ्यासाचा मुद्दा तरीही उरेल, आणि तो रास्त आहे. पाऊण तासाच्या पुढं जाणार नाही हा शब्द त्यांना द्या आणि पाळा.

राहिला लादण्याचा प्रश्न. हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी छापून आणला. त्याचं मूळ खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांत आहे. सगळी फौज हलवण्याऐवजी एकेकानं एकेक वीर घ्यायचा आणि त्याच्या नजरेनं बघायचं, असा तो बदलत गेला. आता तुमच्या दारातला दिवाळीचा किल्ला आठवा. चिखलाचा गड, हळीव पेरून आलेलं गवत, कुंभार गल्लीतून आणलेले मावळे, आणि त्यांच्याजवळ उकिडवी बसून ‘हा इथून चढला, ह्यानं वरून बघितलं’ करणारी तुमचीच पोरं. तुम्ही परकं काही घरात आणलं नाहीत. छंद तुमचा आहे हे खरं, पण वाघ्या हे नाव पोरानं ठेवलंय, आणि झोपताना तो त्याची चौकशी करतोय. लादलेल्या गोष्टीची कुणी अशी काळजी करत नाही.

म्हणून बंद करू नका, निदान आत्ता नको. वर्षभर थांबलात तर वाघ्याचा प्रश्न वर्षभर लोंबकळेल. मुलीला मात्र खेळायला बसच असा आग्रह नको. तिच्याशी आधी एकटीशी बोला, रंकाळ्यावर फिरायला न्या हवं तर. ‘मी १८ चे ८ सांगितले. तो घाबरेल म्हणून सांगितले, पण सांगायला नको होते. आता आडोसा काढून टाकलाय.’ एवढंच बोला. ‘पण तुला कळायला हवं होतं की तो लहान आहे’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. ती लगेच येईल असं नाही.

मुलाला मग दोघांनी मिळून सांगा की त्या रात्रीचा फासा आपण धरत नाही, कारण तो नीट टाकलाच नव्हता. रविवारी वाघ्यावरचा तो बाण पुन्हा सुटेल. किंमत आधी ठरेल. पोराला ठरवू द्या काय ते. तो वाघ्याला ढकलेल, अंगावर झेप घेईल, बहिणीला हाक मारेल. फासा त्याच्याच हातात द्या.

आणि महिनाभरानं, मुलगी आली असली तर, एक रविवार तिला डीएम होऊ द्या. तुम्ही एखादं पात्र घ्या, शक्यतो साधं, फार शूर नको. पोस्टकार्डाएवढा कागद तुमच्यासाठीही. ती नियम चुकेल, भावाला झुकतं माप देईल किंवा मुद्दाम त्रास देईल, तुमचं पात्र पहिल्या पाच मिनिटांत विहिरीत पडेल. पुस्तक उघडू नका. तिनं ‘पप्पा, मग तुम्ही काय करताय?’ विचारलं की उत्तर द्या.